युरिया पिकाआधी कोण खातं? मातीतली अदृश्य वस्ती शोधणारे सर्गेई विनोग्रादस्की

युरियाची 45 किलोची गोणी आणली, फोकून दिली, वरून पाऊस झाला आणि आठवड्यात पीक काळंभोर दिसायला लागलं. पिकानं युरिया खाल्ला, असं आपण म्हणतो. पण पिकाच्या आधी त्याच्यावर हात मारणारे दुसरेच असतात. मातीतले काही जीवाणू युरियाचा अमोनिया करतात. दुसरे त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तिसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. भातासारखं पाण्यात उभं राहणारं पीक सोडलं, तर बहुतेक पिकं नत्र घेतात ते मुख्यतः या नायट्रेटच्या रूपात.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टोळीचा पत्ता लावला तो सर्गेई निकोलायेविच विनोग्रादस्की यांनी, 1890 च्या सुमारास. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांची नावं शाळेच्या पुस्तकात असतात. विनोग्रादस्कींचं नाव सहसा नसतं. पाश्चर-कॉख यांनी रोगाचे जंतू शोधले आणि माणसाला त्याची भीती असते, म्हणून ती नावं लक्षात राहिली. मातीतल्या जंतूंना कोण घाबरतो? पण आज हवा तापतेय, पावसाचं वेळापत्रक बिघडलंय आणि त्याचा हिशेब मांडताना जगभरचे शास्त्रज्ञ याच माणसानं आखलेल्या वाटेनं मातीकडं बघतात.

कायदा सोडला, पियानो सोडला

विनोग्रादस्कींचा जन्म सप्टेंबर 1856 चा, कीव्ह शहरातला. कीव्ह आज युक्रेनची राजधानी आहे. तेव्हा ते रशियाच्या झारच्या साम्राज्यात होतं. घर श्रीमंत. पैशाची ददात नव्हती, पण पोराचं मन कशात लागेना. आधी कीव्हच्या विद्यापीठात कायद्याला नाव घातलं. ते कंटाळवाणं वाटलं म्हणून विज्ञान शाखेत गेले. तिथंही करमेना म्हणून सगळं सोडून सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकायला गेले. तेही टिकलं नाही. आपल्याकडं अशा पोराबद्दल चावडीवर काय बोललं गेलं असतं, ते सांगायला नको.

1877 मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञानाकडं वळले, वनस्पतिशास्त्र शिकले, आणि मग मात्र सूक्ष्मदर्शकाला जे डोळा लावून बसले ते बसलेच. पहिलं काम होतं यीस्टसारख्या एका सूक्ष्म जीवावर. एकाच जातीला वेगवेगळं खाद्य, वेगवेगळी हवा दिली तर ती कशी वागते, हे त्यात बघायचं होतं. जीव काय खातो, कशावर जगतो, हाच प्रश्न पुढं त्यांनी जन्मभर विचारला. मध्यंतरी लग्न झालं, लेकी झाल्या. 1885 मध्ये ते स्ट्रासबुर्गला अंतोन द बारी यांच्याकडं गेले. द बारी म्हणजे बटाट्यावरच्या करप्याचा कसून अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ.

गंधकाच्या पाण्यातले पांढरे धागे

गंधकाच्या झऱ्यांत सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. अशा पाण्यात दगडांवर पांढरी बुरशीसारखी पुटं दिसतात. ती बुरशी नसते. ते बेगियाटोआ नावाच्या जीवाणूचे लांब धागे असतात आणि त्यांच्या पोटात गंधकाचे चमकणारे मणी दिसतात. तेव्हाच्या जाणत्यांचा समज असा, की हे धागेच तो घाण वायू तयार करत असणार. वास जिथं, तिथं धागे. मग चोर तेच.

विनोग्रादस्कींनी धागे काचपट्टीवर घेतले आणि तेच ते धागे दिवसचे दिवस बघत राहिले. गंधकाच्या झऱ्याचं पाणी दिलं की पोटातले मणी भरायचे. साधं पाणी दिलं की मणी हळूहळू नाहीसे व्हायचे, आणि मणी संपले की धागा मरायचा. म्हणजे गोष्ट उलटीच होती. हे जीवाणू तो वायू बनवत नव्हते, खात होते. वायूपासून गंधक करून ते पोटात साठवायचं, मग ते गंधकही जाळायचं आणि त्या ऊर्जेवर जगायचं. आपण भाकरी खाऊन अंगात ताकद आणतो, तसे हे दगड-वायू खाऊन जगणारे जीव. हे काम 1887 मध्ये छापून आलं.

जीव म्हटला की तो एक तर झाडासारखा उन्हावर जगणार, नाही तर दुसऱ्याला खाऊन जगणार, अशी तोवरची समजूत होती. तिला पहिली चीर इथं पडली. पण पक्का पुरावा अजून हातात नव्हता. 1888 च्या सुरुवातीला द बारी वारले आणि विनोग्रादस्की बिऱ्हाड हलवून स्वित्झर्लंडमधल्या झुरिचला गेले.

जिलेटिनवर जे उगवत नाही ते

माती नायट्रेट बनवते, हे लोकांना शेकडो वर्षं ठाऊक होतं. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा म्हणजे एक नायट्रेटच. शेण, मूत, राख, माती यांचे ढीग कुजवून युरोपात सोरा काढायचे. गोठ्याच्या जुन्या भिंतीला पांढरी लोणी फुटते, त्यातही नायट्रेट असतं. श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1877 मध्ये वाळू आणि खडूच्या थरातून गटाराचं पाणी गाळून दाखवलं, की काही दिवसांनी त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं. आणि क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की ते बंद पडतं. म्हणजे हे काम जिवंत कुणीतरी करतंय. कोण करतंय, ते मात्र कुणाला सापडेना.

न सापडण्याचं कारण मजेशीर आहे. तेव्हा जंतू वेगळा काढायचा म्हणजे मांसाचा रस घातलेल्या जिलेटिनवर तो वाढवायचा, अशी कॉख यांची पद्धत होती आणि सगळे तीच वापरत. विनोग्रादस्कींनी वापरली तेव्हा जिलेटिनवर भरपूर जीवाणू उगवले, पण एकही अमोनियाचं नायट्रेट करेना. मग त्यांनी डोकं चालवलं. जिलेटिनवर काहीच उगवत नाही, अशा जागेवरचा थेंब त्यांनी उचलला. जो या पंगतीला बसतच नाही, तोच आपला माणूस असणार!

त्याला वाढवायला त्यांनी ज्यात सेंद्रिय पदार्थाचा मागमूस नाही असं खाद्य केलं. काचेसारख्या सिलिकाची जेली, त्यात अमोनियाचा क्षार आणि थोडे खनिज क्षार. बाकी काही नाही. अंधारात ठेवलं तरी तिथं जीवाणू वाढले आणि त्यांनी अंगात कार्बनही जमवला. हा कार्बन आला कुठून? कार्बन डायऑक्साइडमधून. हिरवं पान नाही, ऊन नाही, तरी हे जीव हवेतला कार्बन ओढून अंग बनवत होते आणि त्यासाठी लागणारी ताकद अमोनिया जाळून मिळवत होते. पक्का पुरावा तो हाच.

पुढं कळलं, की काम दोन टप्प्यांत वाटलेलं आहे. एक जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो आणि थांबतो. त्याचं उरलेलं दुसरा खातो आणि नायट्रेट करतो. पहिल्याला आज नायट्रोसोमोनास म्हणतात, दुसऱ्याला नायट्रोबॅक्टर. एकाची विष्ठा ती दुसऱ्याची भाकरी. एकटा जीवाणू काय करतो हे बघून मातीचं काम कळत नाही, शेजारी कोण आहे ते बघावं लागतं, हे विनोग्रादस्कींच्या कामातून इथपासून ठळक होत गेलं.

आता हे हवामानाशी कुठं जोडलं जातं ते बघा. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. जोराचा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर खाली जातं, विहिरीत उतरतं. रान चिबडलं, मातीतला ऑक्सिजन संपला, की आणखी वेगळे जीवाणू जागे होतात. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेलं नत्र हवेत सोडतात. त्यातलं काही नायट्रस ऑक्साइड म्हणून जातं. नायट्रोसोमोनासकडूनही थोडं गळतं. हा वायू 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट हवा तापवतो, आणि एकदा वर गेला की शंभरेक वर्षं हटत नाही. माणसाच्या कामातून हवेत जाणाऱ्या या वायूत सगळ्यात मोठा वाटा शेतीचा आहे. दोन-तीन महिन्यांचा पाऊस चार दिवसांत कोसळायला लागला, की हे प्रकार वाढतात. टाकलेल्या युरियातलं निम्मंही नत्र अनेकदा पिकाला मिळत नाही, त्यात याचाही वाटा असतो.

आपल्याकडं 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेल लावणं सक्तीचं झालं. युरियाचा गैरवापर थांबावा हे त्याचं एक कारण. दुसरं कारण थेट विनोग्रादस्कींच्या जीवाणूशी जोडलेलं आहे: कडुनिंबातले घटक अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्या जीवाणूंचा वेग कमी करतात, त्यामुळं नत्र जमिनीत जास्त दिवस टिकतं.

हवा नको असलेला जीव हवेत कसा जगतो

झुरिचच्या कामानं नाव झालं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं बोलावलं. पण विनोग्रादस्की 1891 मध्ये सेंट पीटर्सबर्गला परतले आणि तिथल्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सूक्ष्मजीव विभागाचे प्रमुख झाले. कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी गाजलेले पाव्हलॉव्ह त्याच संस्थेत होते.

तिथं त्यांनी हवेतलं नत्र धरणारा एक जीवाणू मातीतून वेगळा काढला आणि पाश्चर यांच्या सन्मानार्थ त्याला क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम असं नाव दिलं. हरभरा-तुरीच्या मुळावरच्या गाठीतले जीवाणू पिकाच्या आसऱ्यानं नत्र धरतात. हा मातीत मोकळा राहून धरतो. गंमत अशी, की याला ऑक्सिजन सोसत नाही. मग नांगरलेल्या, हवेशीर मातीत तो जगतो कसा? विनोग्रादस्कींना दिसलं, की त्याच्या सोबत ऑक्सिजन खाणारे दुसरे जीवाणू असतात. ते भोवतालचा ऑक्सिजन संपवतात आणि मधे याला सुरक्षित कोपरा मिळतो. एकट्याला हवेत ठेवला की कारभार आटोपला. शेजार असला की सुखानं नांदतो.

याच काळात त्यांच्या हाताखालचे ओमेल्यान्स्की पाला-काडी कुजताना हायड्रोजन आणि मिथेन कसा निघतो, याचा अभ्यास करत होते. हा मिथेन पुढं केवढा मोठा विषय होणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

चिखलातली ही शेजारपाजारची रचना डोळ्यांनी दिसावी म्हणून विनोग्रादस्कींनी स्ट्रासबुर्गपासून एक साधी युक्ती वापरली होती. उंच काचेच्या भांड्यात तळ्याचा चिखल, पाणवनस्पतीचे तुकडे आणि थोडं जिप्सम घालून ते उजेडात ठेवायचं. आज शाळा-कॉलेजात त्याला विनोग्रादस्की स्तंभ म्हणतात. गावच्या पोरांनाही करता येईल: काचेची बरणी, ओढ्याचा चिखल, कागदाचे बारीक तुकडे, चमचाभर जिप्सम, वर बोटभर पाणी. झाकण सैल ठेवायचं, घट्ट लावायचं नाही, नाही तर आत वायू कोंडतो. थेट कडक ऊन नको. काही आठवड्यांत तळाशी काळा थर, त्यावर हिरवट, जांभळा, तांबूस आणि सगळ्यात वर पुन्हा हिरवा, असे पट्टे दिसायला लागतात. बाहेरून काही टाकलेलं नसतं. जिथं जे खायला मिळतं आणि जेवढा ऑक्सिजन पोचतो, त्याप्रमाणं प्रत्येक टोळी आपापली जागा धरते. वास मात्र सोसावा लागतो.

कोकणातलं भातखाचर किंवा भंडारा-गोंदियातली धानाची बांधी म्हणजे असाच एक आडवा पसरलेला स्तंभ आहे. वरच्या पातळ थरात ऑक्सिजन असतो, खाली नसतो. खालचे जीव मिथेन बनवतात. वरच्या थरात आणि मुळांच्या आसपास मिथेन खाणारे जीवाणू बसलेले असतात. ते त्यातला बराचसा अडवतात, उरलेला हवेत जातो. मधे काही दिवस पाणी काढून रान थोडं सुकू दिलं, तर मिथेन बराच कमी होतो. पण सुकण्या-भिजण्याच्या त्या खेळात, नत्र जास्त टाकलेलं असेल तर, नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. म्हणजे पाण्याचं आणि खताचं गणित एकत्रच मांडावं लागतं. एकाच टोळीकडं बघून घेतलेला निर्णय इथं फसतो.

सगळं गेलं, आणि मग

पन्नाशीच्या आसपास विनोग्रादस्की प्रयोगशाळेतून बाजूला झाले. तब्येत साथ देत नव्हती. आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या गोरोदोक इथं घरची मोठी जमीनदारी होती. ते शेती आणि जंगल सांभाळत राहिले. विज्ञानाशी संबंध जवळपास तुटला. ही दहा-पंधरा वर्षं त्यांच्या चरित्रात रिकामीच दिसतात, आणि जगानं त्यांना निवृत्त धरलं होतं.

1917 मध्ये रशियात क्रांती झाली, मागोमाग यादवी युद्ध. जमीन गेली, घर गेलं. काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा बंदरातून त्यांनी जहाजानं देश सोडला. काही काळ स्वित्झर्लंड, मग 1921 मध्ये बेलग्रेडला प्राध्यापकाची नोकरी. पासष्टीचा माणूस, परका मुलूख, धड प्रयोगशाळा नाही, पुस्तकं नाहीत. हाती लागले ते एका जर्मन नियतकालिकाचे अंक. ते वाचून काढत त्यांनी मधल्या वर्षांत काय काय झालं, हे समजून घेतलं.

1922 मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख एमिल रू यांनी त्यांना बोलावलं. तीस वर्षांपूर्वी नाकारलेलं आमंत्रण दुसऱ्यांदा आलं होतं. पॅरिसपासून तीसेक किलोमीटरवर ब्री-कोम्त-रोबेर या छोट्या गावात संस्थेची जागा होती. तिथं त्यांना घर आणि प्रयोगशाळा मिळाली. वय 66. या वयात लोक नातवंडं खेळवतात. विनोग्रादस्कींनी तिथून अठरा वर्षं काम केलं, आणि जुन्या नावावर न जगता स्वतःच्या क्षेत्रातल्या रूढ पद्धतीवरच बोट ठेवलं.

त्यांचा आक्षेप असा होता. मांसाच्या रसावर वाढवलेला, पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या नळीत राहिलेला जीवाणू बघून मातीबद्दल बोलणं चूक आहे. गोठ्यात पेंड खाऊन माजलेला बैल बघून रानगव्याचा अंदाज बांधावा, तसं ते होतं. माती जशी आहे तशीच तपासा, जीवाणू एकमेकांत असतानाच बघा. त्यांनी माती पाण्यात कालवून, काचपट्टीवर पसरवून, लाल रंग देऊन थेट सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला सुरुवात केली. बशीत वाढवून मोजले तर जितके दिसायचे, त्याच्या कितीतरी पट जीवाणू असे थेट बघितल्यावर दिसले. बाकीचे बशीत उगवतच नव्हते.

त्यांनी मातीतल्या वस्तीचे दोन भाग केले. काही कायमचे गावकरी: हळू चालणारे, कुजून मुरलेल्या काळ्या अंशावर थोडंथोडं खाऊन तग धरणारे. दुसरे जत्रेचे: ताजं शेण, पाला, काडीकचरा पडला की एकदम उसळणारे आणि खाणं संपलं की निपचित होणारे. कुणाचा जोर राहील, हे मातीत काय आणि कधी पडतं यावर ठरतं.

आज हा फरक फार कामाचा ठरलाय. जगातल्या मातीत जेवढा कर्ब साठलेला आहे, तेवढा हवेत आणि सगळ्या झाडाझुडपांत मिळूनही नाही. तो जमिनीत राहतो की कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, हे या वस्तीच्या हातात आहे. माती तापली की त्यांचं खाणं वाढतं. उन्हाळाभर तापलेल्या रानावर पहिला पाऊस पडतो, तेव्हा झोपलेले जीव एकदम उठतात आणि काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा लोट सोडतात. मृगाच्या सरीनंतरचा तो मातीचा वास, तोही बराचसा या वस्तीतल्याच काही जीवाणूंनी बनवलेल्या पदार्थाचा. सायबेरियात हजारो वर्षं गोठलेली जमीन आता विरघळतेय. जगभरच्या अशा गोठलेल्या जमिनीत हवेतल्या कर्बाच्या जवळपास दुप्पट कर्ब अडकून आहे आणि जीवाणू त्याला लागलेत.

विनोग्रादस्कींची प्रत्येक गोष्ट टिकली असं नाही. अमोनिया खाणारे फक्त जीवाणूच नाहीत, आर्किया नावाचा वेगळाच गटही ते काम करतो, हे 2005 मध्ये पक्कं झालं. आणि अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा जीवाणू 2015 मध्ये सापडला. दोन टोळ्यांचा नियम सव्वाशे वर्षांनी सैल झाला. पण हे नवे जीवही सापडले ते असेच, मिश्र वस्तीत नेमकं खाद्य देऊन वाट बघत.

ब्रीमधली शेवटची वर्षं

1924 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीनं त्यांना सदस्य करून घेतलं. 1935 मध्ये हॉलंडचं लेव्हेनहुक पदक मिळालं. ते सूक्ष्मजीवशास्त्रात फार मोठं मानतात आणि दहा वर्षांतून एकदाच देतात. लेक हेलेन त्यांच्याच प्रयोगशाळेत नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंवर काम करत होती. 1940 मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्या आणि प्रयोगशाळेतलं काम थांबलं. मग त्यांनी आयुष्यभराचे लेख गोळा केले, जुन्या मजकुरावर नव्यानं टिपणं लिहिली आणि 1949 मध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी, मातीतल्या सूक्ष्मजीवांवरचा त्यांचा जाडजूड फ्रेंच ग्रंथ छापून आला.

फेब्रुवारी 1953 मध्ये, 96 व्या वर्षी, ब्रीमध्येच ते वारले. त्याच वर्षी त्यांचं चरित्र अमेरिकेत प्रसिद्ध झालं. लिहिणारे होते सेल्मन वॅक्समन: तेही युक्रेनमधलेच, तेही मातीतल्या जीवाणूंचेच अभ्यासक. मातीतल्या एका जीवाणूपासून क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन मिळवल्याबद्दल त्यांना आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं.